दादाचा फवारा

माझी उंची तीन फूट सात इंच. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं कुणी दचकायला नको. नाव मनिषा, वय एकोणतीस, शिक्षण बी.ए., नोकरी पोस्टाची. सकाळी चुडाव्याला टपालाची थैली येते, ती घ्यायची आणि आमच्या गावासकट चार गावांत वाटायची. रोजचे बावीस किलोमीटर. माझ्या पायांना बावीस किलोमीटर म्हणजे काय ते मलाच विचारा. तुमचं एक पाऊल पडतं तिथं माझी दोन पडतात आणि तिसऱ्या किलोमीटरला कंबर धरते.

पाच वर्षं हे काम मी केलं ते नागेशदादानं घरी बनवलेल्या गाडीवर. त्या गाडीचं इंजिन सप्टेंबरच्या तेवीस तारखेला, कॅनॉलच्या पुलावर, कर्रकन आवाज करून थांबलं. चालू करायचा खटका पायानं दाबला तर तो दबेचना. दादा असता तर एक फोन केला असता आणि वर त्यालाच चार शब्द सुनावले असते. पण दादाला जाऊन तेव्हा सव्वा महिना झाला होता. पूर्णा गावात त्याचं वेल्डिंगचं छोटं दुकान होतं. ऑगस्टात दुकानात पावसाचं पाणी शिरलेलं असताना त्यानं मशीन चालू केलं. याच्यापुढं मी त्याबद्दल लिहू शकत नाही आणि कुणी विचारलं तर मला राग येतो.

त्या दिवशी गाडी एका शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे खोपटापाशी लावली, थैली पाठीला बांधली आणि चालत निघाले. चौथ्या गावात पोचले तेव्हा दिवस कलला होता. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आठवड्यानं एका पोराचं मुलाखतीचं पत्र मुलाखत होऊन गेल्यावर त्याच्या हातात पडलं. तो माझ्या अंगावर ओरडला. मी कुणाचं ओरडणं ऐकून घेत नाही, पण त्याचं ऐकून घेतलं, कारण त्याचं बरोबर होतं.

एक ऑक्टोबरला साहेबांचा फोन आला. माणूस सरळ. म्हणाले, "मनिषाताई, तुमचं दुःख मी समजतो. पण सोमवारपासून टपाल वेळेत गेलं पाहिजे, नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

तो बुधवार होता. सोमवारपर्यंत गाडी चालली तर नोकरी राहणार होती, नाहीतर मी पुन्हा लोकांच्या हातात जाणार होते. हातात म्हणजे खरोखरच हातात.

लोकांना वाटतं माझी अडचण चालण्याची आहे. माझी अडचण उचलण्याची आहे. लहानपणापासून मला जो तो उचलतो. एसटीच्या पायरीवर, बाकावर, जीपमध्ये. न विचारता काखेत हात घालतात आणि पाट्यावरून वरवंटा उचलावा तसं उचलून दुसरीकडं ठेवतात. बी.ए.च्या पेपरला एका शिपायानं मला उचलून बाकावर बसवलं आणि वर गालगुच्चा घेतला. मी एकवीस वर्षांची होते. मोटारसायकलवर कुणाच्या मागं बसायचं तर आधी उचलून घेणं आलंच. सरकारी योजनेतून एक तीनचाकी मिळाली होती, तिच्या हँडलला माझे हात पुरत नव्हते. तिच्यावर आता आमची शेळी बसते, तिला बरोबर पुरते.

दादानं मला कधीच उचललं नाही. तो गाडी खाली आणायचा.

आमचे आई-आबा दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्यात परतायचे. सहा महिने घरात आम्ही दोघंच. भाकरी मी थापायची, पाणी तो भरायचा. मी आठवीत गेले आणि शाळा चार किलोमीटर लांब झाली. दादा तेव्हा सतरा वर्षांचा, आयटीआयला वेल्डिंग शिकायचा. पहिल्याच महिन्यात माझे गुडघे सुजले. त्यानं एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून बंद पडलेला फवारणीचा पंप मागून आणला, कापसावर औषध मारायचा, पाठीवरचा, पेट्रोलवर चालणारा. त्याचं इंजिन काढलं. मोडक्या लोखंडी खाटेचे पाईप कापले, माल वाहायच्या ढकलगाडीची दोन बुटकी चाकं लावली, लेडीज सायकलचं हँडल वीतभर कमी केलं. सीट जमिनीपासून तेरा इंचांवर. मी नुसती मागं सरकले की बसले. कुणाचा हात नको, कशावर चढणं नको.

पहिल्या गाडीला ब्रेक नव्हता. चपला हाच ब्रेक. तिसऱ्या दिवशी मी ओढ्यात गेले. दादा काठावरून पळत आला, पण मला उचलायला नाही, गाडी उचलायला. मी ओढ्यातून आपली आपण वर आले आणि त्याला शिव्या दिल्या. तो हसत म्हणाला, "आता ब्रेक बसवू." मग ब्रेक बसला. पुढं रेस सोडली की गाडी आपोआप उभी राहायची सोय झाली, मोठी चाकं आली, दिवा आला. माझे हात आखूड, इंजिनाची दोरी माझ्याच्यानं पूर्ण ओढली जात नाही, म्हणून त्यानं पायाशी एक खटका केला. तो दाबला की दोरी ओढली जायची आणि इंजिन सुरू. मला नोकरी लागली तेव्हा मागं टपालाची पेटी बसवून लाल रंग मारला. सोळा वर्षांत गाडी पाच वेळा नव्यानं झाली. पहिल्या गाडीतलं आता फक्त हँडल उरलंय.

मी कधी पाना हातात घेतला नाही. "तू चालव, मी बघतो," असं तो म्हणायचा, आणि मला ते ऐकायची सवय लागली.

आता जे सांगायचंय ते सांगायला जड जातं, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. फवाऱ्याच्या इंजिनाला नुसतं पेट्रोल चालत नाही, त्यात तेल कालवावं लागतं. पहिली दोन वर्षं मी दप्तरात तेलाची बाटली न्यायची. शाळेच्या कुंपणापाशी बसून पेट्रोलमध्ये तेल घालायचं, हलवायचं, टाकीत ओतायचं. भोवती पोरं गोळा व्हायची. त्यात गोपीचंद नावाचा एक होता, शेजारच्या गावचा, माझ्याच वर्गातला. नाक धरून ओरडायचा, "फवारा आला रे फवारा! पळा, औषध उडंल!" मग सगळी शाळाच मला फवारा म्हणायला लागली. मास्तरसुद्धा एकदा हाजरी घेताना हसले.

दहावीला असताना एक दिवस मी घरी आले आणि गाडीला लाथ घातली. दादा दारात बसला होता.

"लोक पेट्रोल टाकतेत अन् चालवतेत. म्याच काय पाप केलंय? तेल कालवा, बाटल्या हलवा! ही गाडी न्हाई, फवारा हाय फवारा. मला न्हाई बसायचं ह्याच्यावर. तूच बस, अन् जा कापसात."

त्यानं आठ दिवस गाडी खोलून ठेवली. नवव्या दिवशी मला बोलावलं आणि म्हणाला, "मने, इंजिन बदललं बग. आता तेल लागत न्हाई. नुसतं पेट्रोल."

"खरं?"

"खरं. पण पेट्रोल घरच्या कॅनमधलंच टाकायचं. बाटलीतलं घ्यायचं न्हाई. लोक रॉकेल मारतेत त्यात, अन् हे इंजिन लय नाजूक हाय."

मग तेच चालू राहिलं. पाच लिटरचा पांढरा कॅन पंपावर न्यायचा, भरून आणायचा, त्यातून टाकीत ओतायचं. एकदा रस्त्यात पेट्रोल संपलं. समोरच्याच टपरीवर बाटलीत मिळत होतं. मी दादाला फोन केला तर म्हणाला, थांब, घेऊ नको, आणि भर उन्हात पाच किलोमीटर कॅन घेऊन आला. मी त्याला म्हणाले, तुझं डोकं फिरलंय. कॅनच्या तळाला नेहमी हिरवट चिकट काहीतरी असायचं. "हा कॅन कवा धुतोस का न्हाई रे?" मी विचारायची. "धुऊ नको, प्लास्टिक सुटतं," तो म्हणायचा. गाडी निळा धूर सोडायची. "बारक्या इंजिनाला येतोच धूर," तो म्हणायचा. मी पदवीधर बाई, दुसऱ्यांची पत्रं वाचून दाखवते, त्यांचे अर्ज लिहून देते, आणि हे सगळं मी ऐकून घेतलं. मला ऐकायचं होतं तेच तो सांगत होता.

तर तो बुधवार. तोपर्यंत दोन मिस्त्रींनी गाडी बघून मला परत पाठवलं होतं. एकानं विचारलं, खेळणं कुठून घेतलं. दुसरा म्हणाला, असले बारके पाने आमच्याकडं नाहीत. आई म्हणाली, पूर्णेत वैजीनाथ म्हणून एक म्हातारा फवारे दुरुस्त करतो, दादा त्याचं नाव घ्यायचा. दुसऱ्या दिवशी दोन ऑक्टोबरची सुट्टी होती. गावातल्या टेम्पोत गाडी टाकली, दादाची हत्यारांची पेटी तशीच बंद, उचलून सोबत घेतली आणि निघाले. माझ्या डोक्यात नव्हतं की त्याच दिवशी दसरा आलाय.

वैजीनाथमामांचं दुकान उघडं होतं, पण आत सगळी हत्यारं एका पाटावर ओळीनं मांडलेली. पाने, पक्कड, हातोडी, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. मामा नवं धोतर नेसून खुर्चीवर बसले होते.

"आज हत्यार उचलत न्हाई, ताई. पुजलेत. उद्या या."

"उद्या मला टपाल हाय, मामा. परवाबी हाय. मपल्यापाशी आजचाच दिवस हाय."

"मग रविवारी या."

"रविवारी समजलं की हे दुरुस्त होत न्हाई, तर मी सोमवारी काय करू?" माझा आवाज चढला. रस्त्यावरचे दोघं वळून बघायला लागले. मला रडायला येत होतं आणि रडायला आलं की मी भांडते, तसा माझा स्वभाव. "तुमच्या पाटावरची हत्यारं नका उचलू. माझ्यापाशी हाईत. आमच्यात हत्याराची पूजा न्हाई, माझं आज कायबी अडत न्हाई. तुमी नुसतं तोंडानं सांगा, मी खोलते."

मामांनी माझ्याकडं बघितलं, मग गाडीकडं. उठून जवळ आले आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहिले, चुकून लागू नयेत म्हणून. "खोला," म्हणाले.

मी पहिल्यांदा दादाची पेटी उघडली. वरच एका फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. फडकं सोडलं तर तेलाची अर्धी बाटली आणि स्टीलचा ग्लास. ग्लास आतून चिकट. त्यावर नाव कोरलेलं, सगुणाबाई आश्रुबा. आमच्या आईचं. हा ग्लास चौदा वर्षांपूर्वी आमच्या घरातून गेला होता आणि आईनं त्याचा आळ शेजारच्या बायनाबाईवर घेतला होता. तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. दादाच्या पेटीत तो कसा आला ते मला कळेना. बाजूला ठेवला आणि पाना घेतला.

मामा सांगत गेले, मी करत गेले. ह्या बाजूचा नट, आता तो, जोर लावा, उलटा न्हाई सुलटा. तासाभरात इंजिनाचं डोकं निघालं. आतला दट्ट्या नळकांड्यात रुतून बसला होता. लाकडाच्या तुकड्यावर ठोकून ठोकून तो बाहेर काढला. त्याच्या अंगावर उभे ओरखडे, जणू कुणी दगडावर घासला होता.

मामा वाकून बघत राहिले. "ताई, तेल न टाकता चालवली तुमी."

"ह्याला तेल लागत न्हाई."

"ह्याला तेल लागत न्हाई?"

"न्हाई. माझ्या भावानं इंजिन बदललं होतं. नुसत्या पेट्रोलवर चालतं. चौदा वर्षं चालली."

"तुमचा भाऊ कोण?"

"नागेश. वेल्डिंगवाला."

मामांचा चेहरा उतरला. खाली बसले. म्हणाले, "नागेश दर महिन्याला मपल्याकडून तेल न्यायचा. एक महिना चुकला न्हाई. म्या म्हणायचो, घरी शेती न्हाई, मग एवढं तेल कशाला लागतं रं? नुसता हसायचा." मग मान वळवून त्यांनी पेटीकडं बघितलं. "अन् ताई, तेल लागत न्हाई, तर हा ग्लास कशाला हाय?"

मी ग्लास हातात घेतला. आत अर्ध्याच्या वर तेलाची एक रेघ होती, माप केल्यासारखी.

कॅन रिकामा झाला की तो त्या ग्लासानं आधी तेल ओतून ठेवायचा. मी वरून पेट्रोल भरून आणायची. ते आपोआप कालवलं जायचं. दर आठ-दहा दिवसांनी, चौदा वर्षं, मला न दिसता. कॅनच्या तळाची ती घाण म्हणजे तेल होतं.

आणि तो गेल्यावर महिनाभर मी सुट्टीवर, गाडी दारात उभी; कामाला लागल्यावर कॅन पहिल्यांदा रिकामा झाला तेव्हा मी तो धुतला होता. एकवीस सप्टेंबरला, रविवारी. मुद्दाम, प्रेमानं. दादाच्या वस्तू घाण राहू नयेत म्हणून गरम पाणी आणि सोडा घालून, आत काथ्या फिरवून, दोनदा. पाणी निवळ येईपर्यंत धुतला, उन्हात वाळवला आणि पंपावर नेऊन भरून आणला. सोमवारी टाकीत ओतलं, मंगळवारी इंजिन गेलं.

मी तिथं दुकानाच्या पायरीवर बसून रडले.  दसऱ्याची गर्दी होती, नवे कपडे घातलेली माणसं येत-जात होती. एका बाईनं मला लहान पोर समजून विचारलं, "काय झालं गं बाळा, हरवलीस का?"  मी त्या दिवशी गाडीला लाथ घातली नसती, तर दादानं मला सगळं सांगितलं असतं. माझ्या तोंडाला भिऊन तो चौदा वर्षं आईचा ग्लास लपवत राहिला. मला हे कुणाला तरी सांगून माफी मागायची होती आणि ज्याची मागायची तो नव्हता.

"हे इंजिन संपलं," मामा शेवटी म्हणाले. "असलं आता मिळत न्हाई. माझ्यापाशी गवत कापायच्या मशीनचं एक पडलंय, त्यालाबी तेल लागतं. रविवारी या, बसतं का बगू."

घरी जाऊन मी ग्लास आईपुढं ठेवला. काय झालं ते सांगितलं. आईनं ग्लास उचलला, नावावरून बोट फिरवलं, वास घेतला. नागेशच्या सगळ्या शर्टांना हाच वास यायचा. ती मग उठली, पदर डोक्यावर घेतला आणि बायनाबाईच्या दारात गेली. दोघींचं काय बोलणं झालं मला माहीत नाही. रडण्याचा आवाज मात्र दोघींचा आला.

शुक्रवार-शनिवार मी चालले. पायाची नखं काळी पडली. रविवारी पुन्हा मामांकडं. त्या दिवशी त्यांचे हात मोकळे होते, तरी म्हणाले, "तूच बसव. म्या बगतो." मला "ताई, तुमी" म्हणणारा माणूस तीन दिवसांत "तू"वर आला होता आणि मला त्याचा राग आला नाही. दुपारपर्यंत इंजिन बसलं. मामांनी दोरी ओढली, तिसऱ्या ओढीला सुरू झालं. मला वाटलं, जिंकलं.

पण ह्या इंजिनाची दोरी उजवीकडं होती. दादाचा खटका डावीकडं. तो बदलायचा तर सगळा सांगाडा कापून पुन्हा जोडावा लागणार होता आणि ते करणारा आमच्याकडं एकच माणूस होता. मी हातानं ओढून बघितलं. माझा हात संपतो तिथं दोरी अर्धीच आलेली असते. दोन्ही हातांनी ओढलं तर गाडीच अंगावर येते. मामांसमोर पंधरा-वीस वेळा ओढली, तळहाताची सालं निघाली. मामा म्हणाले, "पोरी, पुरे."

सोमवारी सकाळी मी कॅन घेतला. ग्लासातल्या रेघेपर्यंत तेल ओतलं, कॅनमध्ये रिकामं केलं, वरून पेट्रोल. चार थेंब जमिनीवर पडले. आई पुढं आली. ह्या गाडीला तिनं सोळा वर्षांत हात लावला नव्हता, तिला ती भूत म्हणायची. कासोटा खोचला, एक पाय चाकाला लावला आणि उसाची मोळी ओढावी तशी दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं.

"रस्त्यात बंद पडली तर?" आईनं विचारलं.

"बंद पडू द्यायची न्हाई."

बावीस किलोमीटर मी इंजिन बंद केलं नाही. चुडाव्याला थैली घेतली तेव्हा गाडी बाहेर फटफटत होती. प्रत्येक दारापुढं ती तशीच उभी ठेवायची, पळत जायचं, टपाल द्यायचं, सही घ्यायची, कान मागं ठेवून पळत यायचं. आवाज जरा पडला की अर्ध्यातूनच मागं वळायची. एका आजीला पत्र वाचून दाखवायचं होतं, मी दारातूनच ओरडून वाचलं. सगळ्या गल्लीनं तिच्या नातवाची खुशाली ऐकली. पहिलं गाव झालं, दुसरं झालं. तिसऱ्या गावातलं टपाल वाटून निघताना एक म्हैस आडवी आली. मी ब्रेक दाबला, इंजिन दोनदा खोकलं आणि बंद झालं.

एकदम सगळं शांत झालं. मी दोरी ओढली. पुन्हा ओढली. दहा वेळा ओढली. सालं गेलेल्या तळहातातून रक्त यायला लागलं. थैलीत चौथ्या गावचं सगळं टपाल तसंच होतं. मी इकडं तिकडं बघितलं. समोर खत-बियाणांचं दुकान होतं आणि त्याच्या दारात गोपीचंद उभा होता. शाळेतला तोच. आता पोट सुटलंय.

तो पायऱ्या उतरून आला. "काय झालं गं मने? बंद पडली का? चल, सोडतो तुला मोटारसायकलवर." आणि बोलता बोलता त्यानं वाकून माझ्या काखेकडं हात पुढं केले. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. कुणाच्याच नसतं.

"हात लावू नको," मी म्हणाले. "दोरी ओढ."

तो थबकला. दोरीकडं बघितलं, इंजिनाकडं बघितलं. "हे तर मशीनचं इंजिन हाय की. म्हणजे अजून फवाराच हाय का हा?"

चौदा वर्षांपूर्वी ह्याच एका शब्दासाठी मी दादाला कापसात जा म्हणाले होते.

"फवाराच हाय," मी म्हणाले. "माझ्या दादानं बनवलेला फवारा हाय. ओढ."

"तेल टाकलंय ना? ह्याला तेल लागतं बग."

"टाकलंय. मी मपल्या हातानं टाकलंय."

त्यानं ओढली. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्यांदा इंजिन पेटलं आणि निळा धूर आमच्या दोघांच्या मधे पसरला. दादाच्या शर्टाचा वास. मला हुंदका आवरला नाही. भर रस्त्यात, त्याच्यासमोर, मी मोठ्यानं रडले.

गोपीचंद गांगरला. त्यानं नाक धरलं नव्हतं. "काय लागलं का गं तुला?"

"न्हाई," मी म्हणाले. "उद्याबी ह्याच टायमाला दारात उभा राहा. बंद पडली तर ओढायला लागंल."

"बरं," तो म्हणाला.

मी बाहीनं डोळे पुसले, रेस दिली आणि चौथ्या गावाच्या रस्त्याला लागले.